अर्धो गाव ‘बघूया’ म्हणालो

हसू नको तर काय करू गो? अर्धो गाव तुका ‘बघूया’ म्हणालो आणि तू सर्व्हेच्या मोबाइलात टाकलंस ‘अजून ठरलेलं नाही’? बस आधी, ही सोलकढी घे. पुण्याची ना तू? म्हणान! अगो, आमच्याकडे तोंडार कोण ‘नाय’ म्हणणत नाय — उद्या परत त्याच बाजारात, त्याच देवळात एकमेकांची तोंडा बघूची आसतत ना! सुतार ‘बघूया’ म्हणालो काय समजाचा, दुसरो सुतार बघूचो. माका पयला स्थळ इला तेव्हा बापूस ‘बघूया’ म्हणालो — पावणे मुकाट चाय पिऊन उठले, परत म्हणान दिसाक नाय. आणि तू घरोघर विचारलंस, नगराध्यक्ष म्हणून गुरुदासांना मत देणार का — म्हणजे आमच्या ह्येंका — आणि अर्धे म्हणाले ‘बघूया’. ते अधांतरी नाय गो, ठरवन बसलेत!

आता तू म्हणशील, ह्येंका कसा कळाक नाय? कसा कळतला — उभो जन्म मुंबैच्या गोदीत गेलो. तुझो आकडो बघून सकाळधरून नाचतत — ‘जानकी, अर्धे बाकी आसत, ते आपल्याकडेच वळतले!’ पेढे सुद्धा आणून ठेवल्यानी. नवीन जाकीट घालून आरशासमोर भाषण करतत. माका हसाक येता, आणि जीव पण तुटता — मतमोजणीच्या दिवशी तोंड केवढासा होतला! तू सांग तेंका. नको? माका पण होवचा नाय.

खरा सांगू? माका बरा वाटला गो. लग्नापासून ह्यो माणूस माका गणपतीक आणि शिमग्याक तेवढो दिसलो. आता खंय घराक इले. सांजचे माझ्यावांगडा ओट्यार बसतत, सुंगटा, तुमची ती कोळंबी, सोलून देतत — अर्धी वाया घालवतत, पण देतत. खुर्ची गावली काय परत गेले! म्हणान म्हटलंय... जाव दे. तुका कित्याक सांगतंय मी?

गप, ह्ये इले बघ. — काय ओ? माझा मत? — ता काय विचारूचा — बघूया!

बघितलंस? कसे खूश झाले! तू ऊठ आता, पेढो घे, तुझी गाडी जायत. आणि तोंड उघडू नको.