तायस्तोची वाव

(सोइंतुला या बेटावरच्या कोळी गावाचा लाकडी धक्का. एप्रिलची भुरभुर. आइली आणि तायस्तो, सत्तरी ओलांडलेले नवराबायको, सॅमनच्या गळांच्या तारा लांबच लांब पसरून बसले आहेत. बाजूला त्यांची बोट ‘आल्मा’.)

आइली : ताठ धर ना, तायस्तो. मधे पोट सुटलंय तारेला.

तायस्तो : ताठच आहे. धक्का वाकडा आहे.

आइली : धक्का वाकडा, पाऊस वाकडा, गेल्या वर्षी मासे वाकडे. ओढ जरा.

तायस्तो : ही नवी तार मी मापतो माझी मी. तू जा घरी, कॉफी टाक.

आइली : कॉफी थर्मासात आहे. पुल्ला पाव पण आणलाय, वेलदोडा जास्त घातलेला. घरी पाठवायला दुसरं कारण शोध.

तायस्तो : पावसात बसलीस तर कंबर धरेल तुझी.

आइली : ती धरलेलीच आहे. ऐक, बोटीच्या डाव्या बाजूची जुनी तार इथे टाकलीय. तिचे खोली मोजायचे मधले दोन-चार मणी गळालेत. म्हणून उजवीकडची गेल्या वर्षीची तारही शेजारी टाकू. जिथे हिचा मणी नसेल तिथे तिचा बघायचा. आणि नव्या तारेवर मण्याला मणी दाबत जायचं. दुपारच्या आत उरकतं.

तायस्तो : तार हातानं मापायची असते. बघून बघून उतरवायची नसते. माझ्या बापानं हातानं मापली, मी हातानं मापली.

आइली : तुझा बाप बर्फात अनवाणी सौनातून बाहेर यायचा. तेही कर मग.

तायस्तो : उजवीची राहू दे. ती खराब झालीय. फेकायचीच आहे.

आइली : एक उन्हाळा पाण्यात राहिलेली तार? आरशासारखी चकाकतेय. उतरव ती चरखीवरून.

तायस्तो : उतरवतो. उतरवतो म्हटलं ना.

आइली : डाव्या हातानं का ओढतोयस?

तायस्तो : उजव्यात सिगारेट आहे.

आइली : विझलीय ती मघाशीच.

तायस्तो : ओली झाली.

आइली : हं. टाक इथे, हिला चिकटून. शिशाच्या गोळ्याकडचं टोक जुळव. बस. आता बघ, आपण दोघं किती वर्षं हे करतोय? आपला रेयो रांगत होता तेव्हापासून. तुझी वाव, दोन पसरल्या हातांचं माप, आख्ख्या बेटावर सगळ्यांत लांब. तू हात पसरलेस की लोक धक्क्यावरून बाजूला व्हायचे.

तायस्तो : उरहो होत नसे.

आइली : त्याला गरज नव्हती, तुझा तो बुटका दोस्त तुझ्या काखेखालून जायचा. आठवतं? हॉलमधल्या नाचात सगळ्यांसमोर म्हणाला होता, तायस्तोची पंधरा वाव म्हणजे माझी सोळा, आइलीनं नवरा निवडताना माप बघूनच निवडला.

तायस्तो : तू त्याच्या अंगावर कॉफी सांडलीस.

आइली : मुद्दाम. पण खोटं नव्हतं ते. समुद्रावर रेडिओवरून तू खोली पंधरा म्हणालास की तो आपल्या बोटीवरून सोळा सोडायचा, आणि त्याचे गळ बरोब्बर तुझ्या गळांच्या पातळीला. वीसला एकवीस आणि वर थोडं. कधी चुकलं नाही.

तायस्तो : मणी बघ. पाऊस वाढतोय.

आइली : बघतेय. पहिला, जुळला. दुसरा, जुळला. तिसरा… वीतभर मागे आहे.

तायस्तो : तार ताणते. जुनी तार ताणली असेल.

आइली : असेल. चौथा दोन वीत मागे. पाचवा चार. तायस्तो, ही तार इतकी कुठे ताणते? ही काय लोकर आहे?

तायस्तो : घाई होती गेल्या वर्षी. तू नानायमोला होतीस बहिणीकडे. एकट्यानं मापली. गार वारा होता.

आइली : सहावा मणी मात्र नीट अंतरावर आहे. सातवाही. मग आठव्याला पुन्हा आखडली. इथे तू थांबला होतास.

तायस्तो : कशावरून?

आइली : थांबलास, दम घेतलास, मग दोन मणी बरे मापलेस, मग पुन्हा हात खाली आला. दोन वावांना एक मणी, आणि दहाव्या मण्याला एक आख्खी वाव कमी भरतेय. हे बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला? ऊठ. हात पसर.

तायस्तो : वेड लागलंय का तुला?

आइली : हात पसर, तायस्तो.

तायस्तो : लोक बघतील.

आइली : कोण बघणार आहे? धक्क्यावर पूर्वी चाळीस बोटी असायच्या, आता आपण आणि ते सीगल. पसर.

तायस्तो : …हा घे. पसरले.

आइली : डावा पसरलास. उजवा?

तायस्तो : तेवढाच जातो तो.

आइली : खांद्याच्या वर?

तायस्तो : खांद्यापर्यंतही जात नाही रोज. आज बरा आहे.

आइली : कधीपासून?

तायस्तो : गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात लाकडं फोडताना काहीतरी तुटलं आत. आवाज आला. मला वाटलं लाकूडच तुटलं.

आइली : डॉक्टर?

तायस्तो : पोर्ट मॅक्नीलला दाखवला. तू समजत होतीस मी रंग आणायला गेलो. तो म्हणाला, आतला दोर तुटलाय, या वयात शिवून टिकणार नाही.

आइली : आणि रंग आणलास तू. हिरवा. मला नको असलेला. मी दिवसभर तुला त्या रंगावरून बोलले.

तायस्तो : बरं वाटलं तेव्हा. रंगावरून बोलत होतीस म्हणून.

आइली : मग मासे कसे वर घेत होतास? गेल्या आख्ख्या उन्हाळ्यात एकटा होतास बोटीच्या मागच्या खड्ड्यात. रेयो आला नाही, मी कंबरेमुळे आले नाही. तीस पौंडाचा मासा डाव्या हातानं?

तायस्तो : लहान घेत होतो वर. मोठा बोटीपर्यंत यायचा. मी त्याच्याकडे बघायचो, तो माझ्याकडे बघायचा. मग जायचा तो.

आइली : तू घरी येऊन सांगितलंस, मासेच नाहीत.

तायस्तो : मासेही नव्हतेच.

आइली : हसू नकोस. मला हसू येत नाहीये.

तायस्तो : मी कुठे हसतोय. जे थोडे होते, तेही मला घेता आले नाहीत. हे येऊन सांगायचं होतं का तुला? झाकली मूठ बरी होती.

आइली : कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आज ना उद्या मी ही तार बघणारच होते. …थांब. थांब जरा. ही तार गेल्या वर्षी उजवीकडे होती.

तायस्तो : कॉफी ओत.

आइली : सप्टेंबरमध्येही हीच होती. पाण्याखालच्या त्या म्हातारीच्या खडकावर.

तायस्तो : आइली, कॉफी ओत.

आइली : तू उरहोला रेडिओवर वीस सांगितलीस. तू ह्या तारेचे मणी मोजून वीस म्हणालास. पण तुझी वीस ही वीस नव्हती, जेमतेम एकोणीस होती. आणि त्यानं नेहमीसारखी वर एक धरली. तुझे गळ खडकाच्या वरून गेले आणि तुझ्या मागून येणाऱ्या त्याचे खडकात अडकले. गोळे गेले, तारा गेल्या, तारा सोडायची एक काठी मोडली. त्या वर्षातला एकच दिवस मासे लागले होते, आणि तो दिवसभर मोडलेली काठी बांधत बसला.

तायस्तो : मला माहीत आहे काय झालं ते.

आइली : त्या दिवशीच कळलं होतं तुला?

तायस्तो : त्यानं रेडिओवर ओरडून विचारलं, किती सांगितलीस? तेव्हाच कळलं.

आइली : मग बोलला का नाहीस?

तायस्तो : रेडिओ सगळे ऐकतात.

आइली : धक्क्यावर आल्यावर?

तायस्तो : धक्क्यावर त्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, खोटं सांगितलंस ना, मासे एकट्याला हवे होते ना. मी म्हटलं, समज तुला काय समजायचं ते.

आइली : अरे माणसा.

तायस्तो : समुद्रावर सगळेच खोटं सांगतात, आइली. कुणी खरी खोली सांगत नाही कुणाला. खोटं बोललो म्हटलं तर मी कोळी उरतो. हात गेलाय म्हटलं तर काय उरतो?

आइली : सगळे खोटं सांगतात. तुम्ही दोघं नव्हतात सांगत. चाळीस वर्षं. म्हणून तर त्यानं खडकाजवळ तुझ्या शब्दावर तार सोडली.

तायस्तो : हो.

आइली : उरहोची बायको हेल्मी नाताळपासून आपल्याकडे सौनाला आली नाही. मला वाटलं, रुसली असेल, येईल. मग फेब्रुवारीत उरहो झोपेतच गेला. त्याला पोचवून आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात धरून विचारलं, तायस्तोनं असं का केलं गं? मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, चुकून बोलला असेल. ती म्हणाली, उरहो म्हणायचा, तायस्तोचं माप चुकत नाही.

तायस्तो : असं म्हणायचा?

आइली : शेवटपर्यंत. तुझ्या मापावर इतका विश्वास, म्हणून तर तुला खोटारडा ठरवावं लागलं त्याला.

तायस्तो : मी जाणार होतो त्याच्याकडे. वसंतात. गळ बांधायला दोघं एकत्र बसतो तेव्हा. वाटलं होतं, तिथे हात चालू असतात, तोंडाकडे बघावं लागत नाही.

आइली : तो थांबला नाही वसंतापर्यंत.

तायस्तो : नाही थांबला.

आइली : पी कॉफी. थंड होईल.

तायस्तो : एक सांगू? नवी तारही मी आताच्याच हातानं मापतो. दोन्ही बाजू सारख्याच आखूड होतील. बोट वळताना तारा गुंतणार नाहीत. माशाला काय कळतंय कुणाची वाव किती ते?

आइली : माशाला नाही कळणार. पण लागल्यावर वर कोण घेणार त्याला?

तायस्तो : तू ये. यंदा सरकार जुलैत दहा-बारा दिवसच तर मासेमारी उघडणार आहे. यंदाचं एकदाच.

आइली : खड्ड्यात उतरवायला मला दोन माणसं लागतील, आणि वर काढायला चार.

तायस्तो : रेयोला फोन करू.

आइली : केला मी. रविवारी. तो म्हणाला, आई, त्याला सांग बोट विकून टाक. मी तुला सांगितलं नाही. म्हणजे झाकलेलं माझ्याकडेही होतं.

तायस्तो : मग एकटा जातो. लहानसे मासे घेईन. मोठे सोडून देईन.

आइली : नाही.

तायस्तो : तू कधीपासून नाही म्हणायला लागलीस? पन्नास वर्षांत कधी म्हणाली नाहीस.

आइली : कारण पन्नास वर्षं तू एका हातानं कठडा धरून दुसऱ्यानं काम करत होतास. आता एकच आहे. त्यानं मासा धरशील की बोट धरशील? मला तू घरात हवास. चिडलेला, हिरव्या खोलीत बसलेला, कसाही. मला तू हवास, तायस्तो. एवढंच म्हणायचं होतं, ते पावसात म्हणायला लागलं.

तायस्तो : घरात बसून मी करू काय?

आइली : मला माहीत नाही.

तायस्तो : तुला सगळं माहीत असतं.

आइली : हे नाही माहीत. खरंच नाही.

तायस्तो : …रेयोकडे गिऱ्हाईक आहे?

आइली : कुणीतरी शहरातला आहे. मासेमारीसाठी नकोय त्याला. तिच्यावर राहणार आहे म्हणे. खड्ड्यात फुलझाडं लावेल.

तायस्तो : आल्माच्या खड्ड्यात.

आइली : हो.

तायस्तो : मग मणी काढून टाक सगळे. दोन्ही तारांचे. दुसऱ्या कुणी कोळ्यानं घेतली असती तरी काढलेच असते. ज्याची बोट, त्यानं आपल्या हातानं मापायचं.

आइली : पक्कड दे. …तारा काय करायच्या?

तायस्तो : गंजू देत.

आइली : हेल्मीला वाटाण्याच्या मांडवाला तार हवीय. हरणं शिरतात. उरहो करणार होता यंदा.

तायस्तो : मग नेऊन दे तिला.

आइली : मी एकटी नाही नेणार. तार तू दे तिच्या हातात. आणि तिचं माप का आखूड होतं तेही तूच सांग.

तायस्तो : ती म्हणेल, आता मला सांगून काय उपयोग?

आइली : म्हणेल. आणि तिचं खरं आहे. तरी ऐकून घे.

तायस्तो : दारातून घालवून दिलं तर?

आइली : तर तार दारात ठेवून परत यायचं. हे टोक धर. गुंडाळताना ढिली पडू देऊ नकोस.

तायस्तो : कुठल्या हातानं धरू?

आइली : ज्यानं धरवेल त्यानं धर.