कॉइलला लावायचा ग्लू

इस्त्रीची वायर घ्यायला आलेल्या बाईंचा नंबर दुसरा होता. त्यांच्यापुढे स्पीकर दुरुस्त करणारे काका उभे होते आणि दुकानदार त्यांच्या चांगल्याच ओळखीचा दिसत होता.

"नेहमीचाच ग्लू ना, काका?"

"नको. उष्णता सोसणारा दे. कॉइलला लावायचाय."

"इतकी वर्षं तर म्हणायचात, त्यानं काय फरक पडतो!"

"म्हणायचो खरं. दादा सांगून सांगून थकला. त्याच्याच निरोप समारंभाला स्पीकर माझा. तासभर भाषणं झाली, कॉइल तापली, ग्लू सुटला. दादा म्हणाला, ‘आता माझ्या धाकट्या भावाबद्दल,’ आणि स्पीकर खरखरून बंद पडला."

"अरेरे! मग?"

"तो तसाच बोलत राहिला. पुढच्या रांगेत कुणी डोळे पुसत होतं. मी पार मागे, मशीनपाशी."

"नंतर विचारायचं ना त्यांना!"

"कुठल्या तोंडानं? दोन महिने त्याच्या घराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या महिन्यात तो गेला."

बाईंनी चुळबुळ थांबवली.

"चांगलंच बोलले असतील, काका."

"सगळे तेच सांगतात. नेमकं काय बोलला, ते मात्र कुणालाच आठवत नाही. दे, तो दोनशे अंशांचा दे."