किल्ली कुणाच्या कमरेला

साक्षी : ...म्हणजे आबा, येशू आपल्या शिष्याला, पीटरला म्हणाला, स्वर्गाच्या किल्ल्या तुझ्याकडे देईन. तेवढ्या एका वाक्यावर पोप उभा आहे. उद्या साताऱ्यात पेपर आहे माझा, ह्यावर हमखास प्रश्न येतो.

नाथाजी : बराबर हाय. ज्याच्या हातात किल्ली, त्याची आर्डर. आमच्या पलटणीत स्टोअरच्या हवालदाराला सायेबसुद्धा वचकून आसायचा.

बनुबाई : पर ह्यो पीटर तर कवाच मेला आसंल. मग पोपाच्या हातात किल्ली दिली कुणी?

साक्षी : तोच तर वाद आहे, आजी. पीटर रोममध्ये मेला म्हणतात, म्हणून रोमचा बिशप, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, म्हणाला, मी त्याचा वारस. तोच पोप. बाकीचे बिशप मान द्यायचे, पण हुकूम ऐकायचे नाहीत. मग रोमच्या बादशहानं राजधानीच पूर्वेला हलवली. रोममध्ये मोठं माणूस उरलं ते बिशपच. धान्य वाटायचं, शत्रू आला की बोलणी करायची, सगळं त्याच्याच गळ्यात.

बनुबाई : आगं बया! आपल्या यमाईच्या देवळागतच की. पाटील पुण्याला ऱ्हायला गेलं, जाताना मामंजींच्या हातात किल्ली ठिवली, म्हनलं तेवढा दिवा लावत जावा. मी नवी नवरी, चुलीम्होरं भाकरी थापत हुते, ह्या कानानं ऐकलंय. आन् तुजा आजा गावाला सांगतोय, देवीनं सपनात येऊन दिली!

नाथाजी : आमच्या बाला सपान पडलं हुतं.

बनुबाई : पडलं आसंल की. पाटील परत येत न्हाईत ह्याची खात्री झाल्यावर पडलं.

साक्षी : तिकडेही मागाहून एक दानपत्र निघालं. बादशहानं जाताना सगळी सत्ता पोपला दिली म्हणे. खोटं होतं, पण कित्येक शतकं चाललं.

बनुबाई : चालनारच. खोट्याला पाय नसत्यात, पर खांदं लय मिळत्यात. पुढं काय झालं?

साक्षी : पुढे पोप सातवा ग्रेगरी. बिशप कुणी नेमायचे, यावरून जर्मनीच्या हेन्री राजाशी त्याचं वाजलं. पोपनं राजाला धर्माबाहेर काढलं. शेवटी माफी मागायला राजा, पोप उतरला होता त्या कनोसाच्या गढीबाहेर बर्फात अनवाणी उभा राहिला. तीन दिवस.

बनुबाई : हितं बर्फ कुठनं आनायचं? आमच्या राजीला चैताच्या उनावर भागवावं लागतंय. समोर देवळाच्या पायरीवर बघा जरा, पोटची लेक सकाळधरनं उभी हाय. तीबी अनवाणी, तान्ही पोर काखंत.

नाथाजी : कुणी सांगितलं उभं ऱ्हायला? जातीबाहेर लगीन करताना बापाला इचारलं हुतं का? मी हाय तवर तिला ते दार उघडायचं न्हाई.

बनुबाई : व्हय व्हय, पोपसायेब. पर पैलं लेकरू यमाईच्या पायावर घातल्याबिगर जावळ काढायचं न्हाई, ह्यो रिवाज तुमच्याच घरचा न्हवं? लेक कसली, बापाचीच शिकवन पाळतीया.

नाथाजी : साक्षे, त्या पोपानं उघडलं का दार?

साक्षी : उघडलं. दारात आलेल्याला हाकलून दिलं, तर तो धर्मगुरू कसला?

नाथाजी : मग लोकं म्हनली आस्तील, पोप नमला.

साक्षी : नाही आबा. त्या दिवशी तरी पोपच मोठा ठरला.

नाथाजी : आस्सं. मग किल्ली आन.

बनुबाई : आनायची कुठनं? माज्या कमरंलाच हाय. तुमी कवा जम्मूला, कवा आसामला, घरी आलासा ते कारखान्याच्या विलेक्शनला. दिवा मी लावला आन् जत्रंत मानाचा फेटा तुमी बांधला.

नाथाजी : दे हिकडं. मीच उघडतो. तुज्या हातनं उघडलं तर गाव म्हनंल, नाथाजी वाकला.

बनुबाई : घ्या की. न वाकताच उघडा. दार तेवढं ठेंगणं हाय, टक्कुरं सांबाळा.

साक्षी : आबा, छत्री न्या. बाळाला ऊन लागतंय.

नाथाजी : आन ती बी. ...अगं ए.

बनुबाई : आता काय ऱ्हायलं?

नाथाजी : (हळू आवाजात) ही कुठल्या अंगाला फिरवायची?