अर्लकाका खेळले होते

मी मूळची वर्ध्याची, नागपूरला कॉम्प्युटर शिकले, लग्न करून अमेरिकेत, या चँडलरच्या भट्टीत आले. उन्हाचं मला काही नाही, ऊन आम्ही पाहिलंय. काम माझं टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, आई म्हणायची तुला ते जन्मापासूनच येतं.

शेजारी अर्लकाका. गुडघे गेलेले, बायको गेलेली. काका मीच म्हणते, अमेरिकन माणसाला काय कळतंय, पण ओ देतात. पोर्चमध्ये रेडिओ लावून बेसबॉल त्यांनीच शिकवला मला. तरुणपणी, पन्नासच्या दशकात, ते मोठ्या लीगमध्ये एक मॅच खेळले. एकच. पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या जागी यांना बॅटिंगला पाठवलं, समोरच्यानं चार बॉल बाहेर टाकले, यांनी बॅट हलवली नाही, म्हणून फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे पळायच्या पहिल्या थांब्यावर गेले. वॉक म्हणतात त्याला. लगेच यांच्या जागी पळायला चपळ माणूस आला, अन् दुसऱ्या दिवशी यांना छोट्या लीगमध्ये परत धाडलं, खेळ खलास. आता गंमत बघा, वॉक मिळाला तर ती बॅटिंग धरतच नाहीत, अन् जुन्या कागदांत खेळाडूच्या नावापुढे वॉकचा रकाना नसायचाच. मग यांच्यापुढे काय, शून्य, शून्य, शून्य. पण नाव होतं ना. नाव होतं.

काका ज्या क्लबकडून खेळले, त्याच क्लबच्या जुन्या रेकॉर्डचा डेटा साफ करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मॅनेजर अनिरुद्ध, पुण्याचा, टीम सगळी आपलीच, क्रिकेटवाली. त्यांनी काय करावं, ज्यांच्यापुढे सगळी शून्यं ती नावं उडवली. मी पहिलं नाव अर्लकाकांचंच शोधलं, तर गायब. मी चूक नोंदवली, अनिरुद्धनं ही चूकच नाही म्हणून बंद केली. म्हणे, अगं, हे बारावे गडी, पाणी नेणारे, त्यांची मॅच धरतात का कुठे? मी म्हटलं, बाबा रे, हे क्रिकेट नाही, वॉकवाला खेळलेला असतो. तर म्हणे, क्लायंटनं साइन-ऑफ दिलंय यार, पुढच्या रिलीजमध्ये बघू. काय सांगू तुम्हाला, तळपायाची आग मस्तकात गेली.

अन् त्याच उन्हाळ्यात क्लबनं जाहीर केलं, जुनं स्टेडियम पाडणार, शेवटच्या मॅचला हयात असलेल्या सगळ्या जुन्या खेळाडूंना मैदानावर बोलावणार. काकांनी सूट ड्रायक्लीनला दिला. बोलावणं येईना. मग त्यांनीच फोन केला, तर तिकडची पोरगी स्क्रीनवर आमचीच साफ केलेली यादी बघून म्हणाली, सर, तुम्ही आमच्याकडून कधी खेळलाच नाहीत. गोड आवाजात म्हणाली म्हणे. ते माझ्या दारात आले, हॅट हातात. म्हणाले, बेटा, बायको असती तर तिला विचारलं असतं, ती होती तिथे. मी खेळलो होतो ना?

मी ऑफिसात सगळ्यांसमोर बोलले. अनिरुद्ध, तू एका जित्या माणसाला त्याच्याच आठवणीत खोटं पाडलंस. तर म्हणे, इमोशनल होऊ नकोस, एक ओळ आहे ती. एक ओळ! सातबाऱ्यावरून याच्या बापाचं नाव उडालं असतं तर विमान करून गेला असता. क्लबला फोन केला, ते म्हणे, तुमच्याच कंपनीकडून दुरुस्ती येऊ द्या.

मॅच आम्ही दोघांनी त्यांच्या टीव्हीवर बघितली. एकेक म्हातारा आपापल्या जागेवर जाऊन उभा राहत होता, लोक टाळ्या वाजवत होते. काका पहिल्या बेसकडे बोट दाखवून म्हणाले, मी तिथेच उभा होतो. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

पुढचं रिलीज आलं तोवर स्टेडियम पाडून झालं होतं. नाव परत आलं, शून्यं जागच्या जागी. अनिरुद्धची मेल, हॅपी? सोबत हसरा चेहरा. मी काकांच्या नावाच्या ओळीची प्रिंट काढून त्यांना दिली, त्यांनी ती फ्रिजवर लावलीय. वरणभात द्यायला जाते तेव्हा दिसते, अन् दर वेळी राग येतो, मला शांत हो म्हणू नका. देव अर्लकाकांना सुखात ठेवो. अनिरुद्धलाही भरपूर आयुष्य देवो, अन् म्हातारपणी त्यानं कुठं फोन केला की गोड आवाजाच्या एखाद्या पोरीनं सांगावं, सर, तुम्ही आमच्याकडे कधी नव्हतातच.