सीझन आहे तोवर

हॅलो?

…हो रे, मीच. दुसरं कोण उचलणार? या घरात फोन माझा, स्टोव्ह माझा, आणि टीम हरली तर दोषही माझाच. थांब जरा, फोन खांद्यात धरते. हात कणकेत आहेत.

…आत्ता? अरे, मॅचचे तिन्ही पिरियड संपले, आणि तू फोन आत्ता करतोयस! बाबा दोनदा जिना चढून वर आले. विचारलं काहीच नाही. 'पाणी हवंय' म्हणाले. हातात भरलेला ग्लास होता.

…तुझ्या पोरांची प्रॅक्टिस लांबली होय? …मग? त्या सगळ्यांच्या स्केट्सच्या नाड्या तू, कोच, स्वतः बांधतोस? …हसत नाहीये मी. म्हणजे, हसतेय, पण वेगळं आठवून. तुझ्या नाड्या बांधायला बाबा भल्या पहाटे त्या बर्फाच्या रिंकबाहेर ओल्या रबरावर गुडघे टेकून बसायचे. आपल्या मंदिरात उभ्या उभ्या नमस्कार करणारा माणूस!

…नाही, नाही, शौनक, मी कुठे विषय काढतेय? ऑक्टोबरमधलं ऑक्टोबरमध्ये राहिलं. तू चांगली नोकरी सोडून पोरांना हॉकी शिकवतो म्हणालास, बाबा तोंडाला येईल ते बोलले, तू बॅग उचलून कॅलगरीला गेलास. झालं. आपण मॅचचं बोलू.

…दोन-दोन. मला काय विचारतोस, तुझ्यासमोर लॅपटॉप आहे ना? …बरं, माझ्याकडून ऐकायचंय तर ऐक. दोन-दोन. आता ब्रेक, मग ओव्हरटाइम. ज्याचा गोल आधी, तो पुढे. दुसरा घरी.

…कळतं रे मला तेवढं. सातवी, म्हणजे शेवटची मॅच आहे, आज हरलो तर सीझन संपला. पुढचा थेट ऑक्टोबरमध्ये.

…छे! बेसमेंटमध्ये कशाला जाऊ मी? मी खाली पाऊल ठेवलं की समोरच्यांचा गोल होतो, हे तुम्हा बापलेकांनीच ठरवलंय ना? आणि तुझा फोन आला की आपला होतो. …अरे, मीच साक्षीदार आहे. सीझनची पहिलीच मॅच, तू वरणात हिंग आधी की हळद आधी ते विचारायला फोन केलास, आणि खाली गोल झाला. बाबा खालून ओरडले, 'त्याला ठेवू देऊ नकोस!' तेव्हापासून मॅच असली की फोन. टीमसाठी.

…काय? …हिंगाचं विचारायला नव्हता केलास?

…मग कशाला केला होतास?

…बरं, नको सांगू.

…दाढी? अरे, विचारू नकोस! प्लेऑफ, म्हणजे ही बाद फेरी, संपेपर्यंत वस्तरा लावायचा नाही म्हणे. खेळाडू ठेवतात म्हणून हेही. खेळाडू पंचविशीचे, यांचं सगळं पांढरं. आणि तुला तो किस्सा सांगायचाच राहिला. मिलिंदकडच्या मुंजीला मॅच होती म्हणून हे आलेच नाहीत. मग महाराष्ट्र मंडळात दिसले ते दाढी वाढवून. अरुणामावशीनं काय समजावं? …सुतक! अरे हो, सुतक! परवा दारात हजर. हातात पिठलं-भाताचा डबा, डोळ्यांत पाणी. 'जयंती, कोण गं गेलं? कळवलंसुद्धा नाहीस!'

…हस, हस. मलाही आधी हसूच आलं. म्हटलं, अगं, कोणी गेलेलं नाही, हॉकी आहे. तिचा विश्वासच बसेना. घरभर बघत राहिली. जेवणाच्या टेबलाकडे बघितलं. म्हणाली, 'मग घर असं का गं वाटतंय?'

…काय सांगणार? म्हटलं, चहा टाकते, बस.

…बाबांनी? बाबांनी पिठलं दोनदा घेतलं.

…नाही, कणीक केव्हाच मळून झाली. उगीच मळतेय. …अरे, घाबरणार नाही तर काय? …हो, मी! आता ऐक, हसू नकोस. मला त्या हॉकीतलं अजून ढिम्म कळत नाही. ते काळं बिस्किट, पक की काय, कुठे जातं तेसुद्धा दिसत नाही. पण प्रत्येक मॅचला देवापुढे दिवा लावते. बाबांना वाटतं, मी फॅन झाले. शेजारच्या ईशिताला तर सांगत होते, 'आमची जयंती फार सीरियस आहे हं टीमबद्दल.' …आहेच. आज जिंकलो तर दोन दिवसांनी परत मॅच. मॅच म्हणजे मग…

…काही नाही. मॅच म्हणजे मॅच.

…तुझ्याकडे अजून उजेड असेल ना रे? …आणि थंडी? …ते जाकीट टाकू नकोस, मे महिना आहे म्हणून काय झालं.

सुरू झालं का? …हो, झालं. खालून आवाज आला. …बाबा? तेच ओरडतायत. मराठीत. 'मार, मार, मार!' …आता आपल्या गोलकीपरला सांगतायत, 'अरे बाळा, पुढे ये, पुढे ये.' तो उंच दांडगा माणूस, दाढीवाला. याला म्हणे बाळा. …अरे, काय करतील? म्हणायला सध्या तोच सापडलाय.

…ऐकू येतंय का तुला? फोन जिन्याकडे धरू?

…हं.

…

थांब. खाली एकदम शांत झालं.

…तुझ्याकडे अजून खेळतायत? …हो, तुझं इंटरनेटवर जरा मागे असतं. …नाही रे, मला कुठे दिसतंय. तू बघ. बघ आणि बोल काहीतरी. …काहीही. जेवलास का? काय केलंस? …परत वरण? आधी हिंग घातलास ना? …तूप संपलं का मी दिलेलं? …अजून आहे? अरे, खात का नाहीस, कुणासाठी ठेव—

…हो.

हो रे, राजा. मला कळलं होतं, त्यांचा गोल झाला ते. टीव्हीच बंद केला त्यांनी.

…हं. चांगला झाला सीझन. …नाही, तुझ्या फोनची काय चूक? फोन वेळेवरच आला. …पुढच्या वर्षी.

…ऑक्टोबरमध्ये बोलू?

…हो. बोलू की. ऑक्टोबर काय, आलाच…

शौनक, ठेवू नकोस. एक मिनिट. बाबा वर येतायत.

…अहो, दाढी करायला निघालात का? …शौनक आहे. …हो, अजून फोनवरच आहे. हरलो तरी ठेवला नाही त्यानं. …काय? …जरा मोठ्यानं बोला ना, काय म्हणालात?

…

शौनक… बाबा म्हणतायत, टीम गेली खड्ड्यात. तू घरी कधी येतोस?

…घ्या हो, तुम्हीच धरा. माझे हात कणकेचे आहेत.