खांबाच्या पायथ्याचे दगड

आमचं गाव म्हसळ्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. भात पिकतं ते सगळं बांधाच्या जिवावर, बांध फुटला की खारं पाणी शेतात, म्हणून बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन गेलाच पाहिजे, न्हाय गेला तर त्याच्या दारात मयताला पण कोणी उभं राहत न्हाय. अशा गावकीत मी वाढलो. गावकीची थोरवी सांगतात लोक. मला विचारा म्हणावं.

इंग्रज गेल्यावर रस्ता आला, खाडीवर दगडी खांबांचा पूल झाला, मी गवंडी म्हणून लागलो तो मुकादम झालो. पुलावरचा साहेब पुण्याचा, पोरसवदा, होडीत बसला की दोन्ही हातांनी काठ धरायचा, आम्ही हसायचो. पूल उभा राहिल्यावर त्यानं मधल्या खांबाच्या पायथ्याशी खाणीतले मोठाले दगड टाकून घेतले. मी म्हटलं, साहेब, चिखलात कशाला घालवता? तो म्हणाला, मुकादम, पूल वरच्या वजनानं क्वचित पडतो, तो खालून पडतो, पाणी खांबाला अडलं की भोवरा होतो आणि पायथा खरवडून नेतो, हे दगड म्हणजे चिखलावरचं पांघरूण. व्हय व्हय, म्हटलं, आणि त्याची पाठ वळल्यावर माणसांना डोळा मारला, खांबाला थंडी वाजते म्हणे. अशी आमची अक्कल.

पुढं एका उधाणाला बांध फुटला. थोरला भाऊ गावकीचा पुढारी, आला आणि म्हणाला, तुझ्या पुलाखाली दगड फुकट पडलेत आन् हितं भात मरतंय, तू सरकारचा का गावाचा? काय सांगू तुम्हाला, एवढ्यावर मी पाघळलो. म्हटलं, दादा, ओहोटीला न्या, मी जेवायला जातो. गेलो, आणि त्यांचं उरकेपर्यंत जेवतच बसलो. गावानं होड्या भरभरून दगड नेले, बांध बांधला, मला मानाचा नारळ दिला. मी घेतलासुद्धा.

त्या पावसाळ्यात खांब खचला, वर पुलाला भेग पडली. मोठे साहेब आले, नाकाला रुमाल लावून काठावर उभे, विचारतात, दगड कुठं गेले? म्हटलं, खाडीनं गिळले, साहेब, आमचा चिखल लय खोल. झालं, पटलं त्यांना, मुकादम गावचाच, त्याला ठाऊक असणार. एकानं काठी खुपसून बघितली न्हाय. पुण्याचा साहेब तेवढा म्हणाला, मुकादम, असे सगळे एकदम कसे जातील? मी खाली बघितलं. पाया न ओळखता पूल बांधला असा ठपका घेऊन तो गेला.

कैक वर्षं पूल टेकूवर राहिला. औंदा दुरुस्ती निघाली, खांबाच्या पायाला नवा घेर आणि वर काँक्रीटचा अंगरखा. मी नव्या साहेबांना विचारलं, पायथ्याला दगड? ते म्हणाले, अहो, तुमच्याच जबानीत आहे की, ही खाडी दगड गिळते. माझ्या थापेचं शास्त्र झालं होतं. अंगरख्यानं खांब आणखी जड, पायथा तसाच उघडा, आणि वरून एस.टी. भरून माणसं जाणार.

मग ओहोटीला साहेबांना बांधावर घेऊन गेलो. खाणीतल्या दगडाला सुरुंगाच्या भोकाची अर्धी पन्हळ राहते, आमच्या रानातल्या दगडाला ती नसते. बांधात हात घालून एकेक पन्हळ दाखवली. साहेब म्हणाले, इतकी वर्षं गप्प बसलात? म्हटलं, व्हय.

नोकरी गेली. गावानं वाळीत टाकलं, का तर सरकार आता बांधातले दगड मागेल. कोण मागतंय त्यांचे ते चोरीचे दगड! पुण्याच्या साहेबाचा ठावठिकाणा विचारला, कुणाला ठाऊक न्हाय. असेल तिथं त्याच्या हाताला यश मिळो. त्याची माफी मागण्याची माझी लायकी न्हाय.

काल नवे दगड आले. होडीवर मजुरीला माझाच थोरला भाऊ. मला काठावर बघितलं आणि पचकन थुंकला. थुंकू दे. दगड मात्र बरोबर खांबाला लावून टाकत होता.