नेपल्सला न्यायची पुडी

तेरच्या बसची वाट बघत दोघीजणी माझ्या मागं बसल्या होत्या.

"द्वारकाबाई, म्या पुढल्या महिन्यात लेकीकडं इटलीला चाललेय. तुमी नेपल्स बघून आलाव, तिथं काय बघावं?"

"समुद्र बघा, किल्ला बघा. पण म्युझियम चुकवू नका, सीताबाई. आपल्या तेरला हस्तिदंती बाहुली सापडली न्हवं, तशीच, जुन्या काळी आपल्याकडनं गेलेली, तिथं काचेत हाय. मला तर लक्ष्मीच वाटली. म्या कुंकू लावाया गेले, तर पहाऱ्यावरच्या बाईनं हात धरला."

"अगं बया! रागावली?"

"न्हाय वो. काचेला नको म्हणून मान हलवली, अन् आपलंच कपाळ पुढं केलं."

"लई गुणाची!"

"व्हय. म्हणून ही तुळजापूरच्या कुंकवाची पुडी न्या. आधी त्या पहाऱ्यावरच्या बाईला लावा, मग काय बघायचं ते बघा."